टाकी मोजायला निघण्याआधी

रविवारी सकाळी मुलांना घेऊन गावच्या पाण्याच्या टाकीची उंची मोजायची असेल, तर तयारीला शनिवारी दुपारीच लागा. उंची काढायची ती लांब उभं राहून, वरच्या काठाचा कोन आणि तिथपर्यंतचं अंतर मोजून. कोन मोजायचं यंत्र दहा मिनिटांत होतं, वेळ खातं ते बाकीचंच.

कंपासपेटीतला अर्धगोल कोनमापक पुरतो, पण फळ्यावर वापरायचा मोठा लाकडी मिळाला तर तोच घ्या, त्यावर अर्धा अंशही वाचता येतो. सरळ कडेला एक नळी चिकटवायची. संपलेल्या पेनाची चालते. शहाद्याकडची मुलं पपईच्या देठाची आणतात, तीही चालते, फक्त त्याच दिवशी वापरावी लागते, दुसऱ्या दिवशी देठ सुकून वाकतो. नळीच्या पुढच्या तोंडावर दोन बारीक दोरे फुलीसारखे ताणून बसवा, नाहीतर प्रत्येक जण नळीतून वेगळंच टोक पकडतो. मग ओळंबा. शिवणाचा जाड दोरा आणि खाली सायकलच्या दुकानातला एक जड नट. हलकं बटण बांधलं, तर वाऱ्याने ते घड्याळाच्या लंबकासारखं डोलत बसतं. दोरा बांधायचा तो शून्याची रेघ आणि नव्वदाची रेघ जिथे मिळतात त्या खुणेवरच. स्वस्त कोनमापकात ही खूण कडेपासून थोडी आत असते. एकदा माझ्या घाईत दोरा थेट कडेवरून सोडला गेला, आणि शाळेच्या गच्चीची उंची चार गटांनी चार सांगितली.

म्हणून आधी तीच गच्ची. वरून दोरी सोडून तिची खरी उंची मोजून ठेवा आणि यंत्र तिच्यावर पारखा. नळी आडवी धरली की दोरा ९० वर हवा. वर पाहताना तो जिथे सरकेल तो आकडा आणि ९० यांतला फरक म्हणजे उन्नत कोन, आडव्या रेषेपासून नजर किती वर गेली तो. दोरा ५० वर आला तर कोन ४० अंश.

टेप कापडी घ्या, तीस मीटरचा. गावात गवंडीकाम करणारा कुणी ना कुणी तो देतोच. पावलं मोजून भागवू नका. यंत्रावर मुलांचा जीव असतो आणि अंतर कुणीतरी उरकून टाकतं, माझ्या मते निम्म्या चुका इथेच होतात. टाकीचा वरचा काठ खांबांच्या बाहेर आलेला असतो, म्हणून अंतर खांबापासून नाही, त्या काठाच्या बरोबर खालच्या जागेपासून धरायचं. ती जागा सापडवायला एकाने बाजूला दूर उभं राहून ओळंबा डोळ्यासमोर धरावा, दोरा काठाला लागला की तो जमिनीवर जिथे टेकलेला दिसतो तिथे दुसऱ्याने खुंटी ठोकावी. ४० अंशांवर दीड मीटरची चूक झाली, तर उंची सव्वा मीटरने हुकते. कडुनिंबाचंही तसंच, सर्वांत उंच फांदी बुंध्यावर असतेच असं नाही.

उभं कुठे राहायचं हेही आधीच फिरून ठरवा. कोन ४५ च्या आसपास येईल अशी जागा हवी. तिथे एका अंशाची चूक उंचीत सुमारे साडेतीन टक्क्यांची होते, ७० अंशांवर साडेपाच, ८० वर दहा. जागा सपाट हवी, सऱ्या पाडलेलं कपाशीचं शेत नको. नळीतून सूर्याकडे पाहायचं नाही हे मुलांना निघण्याआधी बजावा, आणि पूर्वेकडे तोंड होईल अशी जागा सकाळी टाळाच.

साक्रीकडच्या पवनचक्कीसारखं काही असेल, जिथे बुंध्यापर्यंत जाताच येत नाही, तर तयारी वेगळी. कुंपणाबाहेर, सपाट जमिनीवर, एका सरळ रेषेत पुढे-मागे सरकून दोन जागा शोधा, एक जिथे कोन साडेसव्वीस अंश येतो आणि दुसरी जिथे ४५. त्या दोन जागांमधलं अंतर म्हणजेच डोळ्यापासून वरची उंची, टॅनचं कोष्टकही, म्हणजे कोणत्या कोनाला अंतर कितीने गुणायचं ते सांगणारं, लागत नाही.

गट चौघांचा करा. एक नळीतून पाहील, दुसरा दोरा थांबला की चिमटीत धरून वाचेल, तिसरा टेपवर, चौथा वहीत. प्रत्येकाचं तीनदा. पाहणाऱ्याच्या डोळ्याची उंची आदल्या दिवशीच भिंतीला टेकवून वहीत लिहा, डोळ्याची, डोक्याची नाही. मग २० मीटरवरून ४० अंश आले, तर २० गुणिले ४० चा टॅन, ०.८३९, म्हणजे १६.८, त्यात डोळ्याचे १.४, झाले १८.२ मीटर. मोबाइलवर गणित करणार असाल तर ४५ चा टॅन काढून पाहा. १ आला तर ठीक, १.६२ आला तर मोबाइल अंशांत नाही, रेडियन या कोनाच्या दुसऱ्या एककात आहे.

चाळीसगावजवळच्या पाटणच्या शिलालेखात, शके ११२८ च्या, भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी काढलेल्या मठाची नोंद आहे. भास्कराचार्यांनी सगळ्या यंत्रांपेक्षा वरचढ ठरवलेलं धीयंत्र म्हणजे तर साधी काठी. वाटेत हे सांगायला बरं पडतं, मुलं आपल्या पपईच्या देठाकडे जरा आदराने बघतात.

निघायचं सातला. ऊन आणि वारा दोन्ही वाढायच्या आत आवरतं, आणि डिसेंबर-जानेवारीच धरा, मार्चनंतर हा उद्योग नको. ग्रामपंचायतीला कळवून ठेवा, नाहीतर टाकीखाली टेप पसरल्यावर पारावरून कुणीतरी येतंच, "हाई काय शे भो?" आणि अर्धा तास तिथेच जातो. टाकीच्या शिडीला कुणी हात लावायचा नाही. पाणीपुरवठा पाहणाऱ्याकडून टाकीची उंची विचारून घ्या, पण ती कुठपर्यंतची हेही विचारा. कागदावर बहुतेकदा जमिनीपासून टाकीच्या तळापर्यंतची असते, आणि मुलं मोजणार वरचा काठ. तेव्हा वहीत तळासाठीही एक रकाना आखून ठेवा.