वेबसाइटसाठी फोटो एक्स्पोर्ट करताना एकच प्रीसेट बनवून ठेवा

वेबसाइटवर टाकलेला फोटो कुणी उचलला की त्यावर तुमचं नाव कुठेच नसतं, आणि मूळ आकाराची फाइल टाकली असेल तर पान उघडायलाही वेळ लागतो. लाइटरूम क्लासिक या अ‍ॅडोबीच्या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रीसेट, म्हणजे जतन करून ठेवलेल्या सेटिंग्ज, वापरून दोन्हींचा बंदोबस्त एकदाच करता येतो.

१. मेटाडेटा (फोटोच्या फाइलमध्ये साठवलेली माहिती) पॅनेलमध्ये कॉपीराइटची ओळ भरा: © आणि वर्ष, पुढे तुमचं नाव. ‘कॉपीराइट इन्फो यूआरएल’मध्ये परवान्याच्या अटी असलेल्या तुमच्या पानाचा पत्ता द्या. ही जागा बहुतेक जण रिकामी सोडतात, पण गूगल इमेजेसमध्ये फोटोवर ‘लायसेन्सेबल’ची (परवाना घेऊन वापरता येतो अशी) खूण दिसायला हीच माहिती लागते.

२. एक्स्पोर्टमध्ये जेपेग, क्वालिटी ७५, लांब बाजू २०४८ पिक्सेल. ‘डोन्ट एन्लार्ज’वर टिक हवी, नाहीतर छोटा क्रॉप ताणला जाऊन फुटतो.

३. कलर स्पेस, म्हणजे फाइलमधल्या रंगांची व्याप्ती, एसआरजीबीच ठेवा. अ‍ॅडोबी आरजीबीची फाइल रंगांची प्रोफाइल न वाचणाऱ्या अ‍ॅपमध्ये फिकी दिसते. त्वचेचा रंग तर पार उतरतो.

४. एक्स्पोर्टमध्येच मेटाडेटासाठी ‘कॉपीराइट अँड कॉन्टॅक्ट इन्फो ओन्ली’ निवडा. ग्राहकाच्या घरी काढलेल्या फोटोतलं जीपीएस ठिकाण असं बाहेर जात नाही.

५. डावीकडे ‘अ‍ॅड’ दाबून प्रीसेट जतन करा.

फाइलला कॅमेऱ्याने दिलेल्या डीएससी_४५१२ अशा नावाऐवजी विषय सांगणारं नाव द्या.

जपायचं एवढंच: कॉन्टॅक्टमध्ये घरचा पत्ता किंवा खासगी नंबर भरलेला असेल तर तोही प्रत्येक फोटोसोबत जातो. तिथे कामाचा ईमेल आणि वेबसाइट पुरे.