कॅप राउंड: ऑप्शन फॉर्म भरताना या चुका टाळा

पर्सेंटाइल बरे असूनही कॅपमधून (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून) इंजिनिअरिंगची सीट मनासारखी लागली नाही, तर आधी ऑप्शन फॉर्मचा, म्हणजे कॉलेज-ब्रँचच्या पसंतीच्या यादीचा, क्रम तपासा. सिस्टम मेरिट नंबरप्रमाणे एकेकाचा फॉर्म वरून खाली बघते आणि जिथे सीट बसते तिथे थांबते. त्याखालचं काहीच विचारात घेतलं जात नाही.

म्हणूनच 'व्हीजेटीआय काही मिळत नाही, कशाला वर लिहायचं' ही सगळ्यात महागडी चूक. वरचं नाही लागलं तरी खालच्या ऑप्शनवरचा तुमचा हक्क जराही कमी होत नाही. समजा, डोंबिवलीच्या मुलीने घराजवळचं खात्रीचं कॉलेज पहिलं टाकलं आणि माटुंग्याचं व्हीजेटीआय दुसरं. २०२५-२६ च्या नियमांनुसार पहिल्या राउंडला पहिला ऑप्शन लागला की तो आपोआप फ्रीझ होतो, म्हणजे तीच सीट पक्की आणि पुढचे राउंड बंद. दुसऱ्या राउंडला पहिल्या तीनपैकी, तिसऱ्याला पहिल्या सहापैकी कोणताही लागला तरी तेच. पुढे माटुंग्याचा कटऑफ उतरला तरी ती बाहेरच. आणि फॉर्म भरताना आपण बघतो तो कटऑफ म्हणजे गेल्या वर्षीचा आकडा, यंदाचं आश्वासन नव्हे, हे क्लासवाल्यांनाही सांगावं लागतं!

बेटरमेंटबद्दलही, म्हणजे लागलेली सीट ठेवून पुढच्या राउंडला वरच्या ऑप्शनची वाट बघण्याबद्दल, गैरसमज फार. वरचा ऑप्शन लागला की आधीची सीट आपोआप रद्द होते; दोन्ही हातात ठेवून ठरवू, असं चालत नाही. त्यामुळे विरारहून रोज नेरुळ गाठणं जमणारच नसेल, तर ते कॉलेज यादीत नकोच.

टीएफडब्ल्यूएसची (ट्यूशन फी माफीच्या योजनेतली) सीट हवी असेल तर तिचा कोड वेगळा असतो, शेवटी 'टी'. नुसता कॉलेजचा साधा कोड टाकून ट्यूशन फी माफ होत नाही. राखीव जागेसाठी लागणाऱ्या नॉन-क्रीमिलेयर सर्टिफिकेटची मुदतही बघून घ्या, ती ३१ मार्चला संपते. जुनं सर्टिफिकेट जोडून बसलात तर ओपनमध्ये ढकलले जाल.

सीट लागली म्हणजे अ‍ॅडमिशन झालं, असंही नाही. लॉगिनमधून सीट स्वीकारून १,००० रुपये भरायचे, आणि फ्रीझ झाली असेल तर मुदतीत ओरिजिनल कागद घेऊन कॉलेजात रिपोर्ट करायचं. हे शेवटच्या दिवसावर टाकू नका. त्याच आठवड्यात पाणी भरून मध्य रेल्वे बंद पडली, तर तारीख वाढेलच असं नाही.