घरी बनाना क्रीम पाय करायचाय? मग कस्टर्डला नीट उकळी येऊ द्या

बनाना क्रीम पाय जमलाय की नाही हे तो कापल्यावरच कळतं. सुरी फिरवून तुकडा ताटलीत काढला आणि तो त्रिकोण तसाच उभा राहिला, खाली खुसखुशीत क्रस्ट, मधे केळ्याच्या चकत्या दिसतायत, वर क्रीम, तर जमला. आणि कस्टर्ड वाहून ताटलीभर पसरलं तर चव कितीही चांगली असली तरी तो पाय नाही, वाटीत घालून खायचा प्रकार झाला. हे वाहणं जवळजवळ नेहमी एकाच कारणाने होतं, कस्टर्ड घट्ट दिसायला लागलं की लोक घाबरून गॅस बंद करतात. म्हणून ह्या लेखात मी कस्टर्डवर जास्त बोलणार आहे, बाकीचं पटापट.

हा मूळचा अमेरिकन पदार्थ, तिकडच्या डायनरमधे काउंटरवरच्या काचेच्या कपाटात ठेवलेला असतो. इंग्लंडचा बनॉफी पाय वेगळा बरं का, तो १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ससेक्समधल्या एका रेस्टॉरंटमधे जन्मला आणि त्यात कंडेन्स्ड मिल्कची टॉफी असते, कस्टर्ड नसतं. आपल्याला इथे कस्टर्डवालाच करायचाय. केळं, दूध, साखर ही चव शिकरण-पोळीवर वाढलेल्या माणसाला लगेच ओळखीची वाटते, त्यामुळे घरातल्या आजी-आजोबांनाही हा पाय आवडतो असा माझा अनुभव आहे, चीजकेकला नाक मुरडणारे लोक ह्याचा दुसरा तुकडा मागतात.

आधी वेळेचं गणित. हा पाय आदल्या दिवशी करायचा, संध्याकाळी पाहुणे आणि दुपारी सुरुवात असं चालत नाही. कस्टर्ड फ्रीजमधे कमीत कमी ५-६ तास बसायला हवं, रात्रभर बसलं तर उत्तम. खालचं सगळं माप ९ इंची पाय टिनचं आहे, ८ तुकडे आरामात होतात. पाय टिन नसेल तर बूड निघणारा केक टिन घ्या, फक्त क्रस्टची कड दीड इंच वर चढवा.

क्रस्ट

मैदा १६० ग्रॅम, बिनमिठाचं बटर ११५ ग्रॅम फ्रीजमधून नुकतं काढलेलं, साखर १ चमचा, मीठ अर्धा चमचा, आणि बर्फाचं पाणी ३ ते ५ मोठे चमचे. नेहमीचं पिवळं खारं बटर वापरत असाल तर वेगळं मीठ नको.

बटरचे तुकडे करून मैद्यात टाका आणि बोटांच्या टोकांनी चोळा, पण पूर्ण एकजीव करायचं नाही, हरभऱ्याएवढे तुकडे दिसत राहिले पाहिजेत कारण हेच तुकडे ओव्हनमधे वितळून त्यांच्यातल्या पाण्याची वाफ होते आणि क्रस्टला पापुद्रे सुटतात. मुंबईत किंवा कोकणात एप्रिल-मे मधे करत असाल तर मैदा आणि परातसुद्धा अर्धा तास फ्रीजमधे ठेवा, हाताच्या उबेनेच बटर पाघळतं. मग पाणी एकेक चमचा घालत गोळा जेमतेम जमेल इतपतच भिजवा, कणकेसारखं मळायचं अजिबात नाही, मळलं की ग्लूटेन तयार होतं आणि क्रस्ट चिवट होतो, शिवाय भाजताना आकसतो. गोळा चपटा करून झाकून १ तास फ्रीजमधे.

नंतर साधारण १२ इंचाची, ३ मिलिमीटर जाडीची पोळी लाटा, टिनमधे अलगद बसवा. बसवताना ओढायची नाही, ओढलेली पोळी ओव्हनमधे परत आपल्या जागेवर येते आणि कडा खाली घसरतात. कडा दुमडून चिमटे काढा आणि टिन अर्धा तास फ्रीझरमधे ठेवा. ओव्हन २०० अंशांवर तापवून घ्या. क्रस्टवर बटर पेपर टाकून त्यात राजमा किंवा चणे कडेपर्यंत भरा, २० मिनिटं भाजा, मग पेपर आणि राजमा काढून तळाला काट्याने टोचे मारा आणि परत १२ ते १५ मिनिटं, नीट सोनेरी तपकिरी होईपर्यंत. फिकट असताना काढू नका, हा क्रस्ट परत ओव्हनमधे जाणार नाहीये, जे भाजायचंय ते आत्ताच. (तो राजमा पुढच्या वेळी बेकिंगलाच वापरा, शिजवायला नाही.)

एवढा खटाटोप नको असेल तर २०० ग्रॅम डायजेस्टिव्ह बिस्किटांचा चुरा, ९० ग्रॅम वितळलेलं बटर, २ चमचे साखर, वाटीच्या बुडाने दाबून टिनमधे बसवायचं आणि १८० अंशांवर १० मिनिटं. अमेरिकेत ह्यासाठी ग्रॅहम क्रॅकर वापरतात, आपल्याकडे डायजेस्टिव्ह त्याच्या बरंच जवळ जातं. ओव्हनच नसेल तर नुसतं फ्रीजमधे तासभर घट्ट करा, कापताना थोडा भुगा पडेल पण चालतं. माझं मत विचाराल तर मैद्याचाच करा, गोड मऊ कस्टर्डखाली तो किंचित खारट पापुद्र्याचा क्रस्ट लागतो तेव्हाच पायची खरी मजा कळते, बिस्किटाच्या क्रस्टने सगळंच गोड होऊन जातं.

क्रस्ट पूर्ण गार झाल्यावर एक छोटं काम करा जे बरेच लोक सोडून देतात: ५०-६० ग्रॅम व्हाइट चॉकलेट वितळवून ब्रशने तळाला आणि कडांना पातळ थर द्या आणि घट्ट होऊ द्या. कस्टर्डचं पाणी मैद्यात मुरत नाही, दुसऱ्या दिवशीही क्रस्ट कुरकुरीत राहतो.

आता कस्टर्ड

फुल फॅट दूध ६०० मिली, साखर १३० ग्रॅम, कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम म्हणजे साधारण ५ मोठे चमचे सपाट, अंड्यांचे पिवळे बलक ४, चिमूटभर मीठ, बटर ३० ग्रॅम, व्हॅनिला इसेन्स २ छोटे चमचे. कॉर्नफ्लोअर म्हणजे आपलं ते पांढरंशुभ्र, मंचुरियनला वापरतात ते, मक्याचं पिवळं पीठ नाही.

जाड बुडाच्या पातेल्यात दूध आणि अर्धी साखर गरम करत ठेवा, कडेला बुडबुडे दिसले की बास. तोपर्यंत एका मोठ्या भांड्यात बलक, उरलेली साखर, मीठ आणि कॉर्नफ्लोअर विस्कने फेटून घ्या, रंग जरा फिकट होतो आणि गुठळी राहत नाही. बलकावर साखर टाकून तसंच सोडून फोनवर बोलायला जाऊ नका, साखर बलकातलं पाणी ओढते आणि छोटे कडक कण होतात, टाकली की लगेच फेटा. मग एका हाताने फेटत फेटत दुसऱ्या हाताने गरम दूध पळीपळीने घाला, अर्धं दूध गेलं की सगळं मिश्रण परत पातेल्यात ओता. हे हळूहळू घालणं गरजेचं आहे, एकदम ओतलं तर अंडं शिजून भुर्जी होते.

आता मध्यम आच, आणि विस्क हातातून सोडायचा नाही, पातेल्याच्या कोपऱ्यांत आणि तळाशी सतत फिरला पाहिजे. तीन-चार मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं, मग अचानक दाट व्हायला लागतं. इथेच मोह होतो गॅस बंद करायचा. करू नका. हलवणं दोन सेकंद थांबवून बघा, मधे जाडसर बुडबुडे फुटताना दिसले पाहिजेत, फट फट असा आवाज येतो, तो पहिला बुडबुडा दिसल्यापासून पुढे दीड ते दोन मिनिटं ढवळत उकळू द्या.

ह्यामागचं कारण असं की अंड्याच्या बलकात अमायलेज नावाचं एन्झाइम असतं आणि ते स्टार्च तोडतं. कस्टर्ड दाट दिसलं म्हणून उतरवलंत तर तेव्हा ते छान दिसतं, फ्रीजमधे ठेवता, आणि रात्रभरात हे शिल्लक राहिलेलं एन्झाइम कॉर्नफ्लोअरचा स्टार्च तोडत बसतं, सकाळी बघाल तर पातळ. उकळीला ते एन्झाइम निकामी होतं. आणि अंडं फुटेल ही भीती इथे नको, नुसत्या दूध-अंड्याचं कस्टर्ड ८५ अंशांच्या आसपास फाटतं हे खरं, पण कॉर्नफ्लोअर असलं की ते अंड्याच्या प्रथिनांना एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही म्हणून हे कस्टर्ड उकळलं तरी चालतं, नव्हे उकळायलाच लागतं.

गॅस बंद करून गाळणीतून गाळा, चमच्याने दाबत दाबत. मग बटर आणि व्हॅनिला घालून हलवा, चकाकी येईल. वर साय धरू नये म्हणून प्लास्टिकची क्लिंग फिल्म थेट कस्टर्डला टेकवून लावा आणि १५ मिनिटं बाजूला ठेवा, कोमट ते गरम असतानाच भरायचंय. पूर्ण गार करून, फ्रीजमधे घट्ट करून, मग परत फेटून भरू नका, कॉर्नफ्लोअर एकदा घट्ट बसलं की ती वीण मोडल्यावर परत तशी जुळत नाही, पाय सैल राहतो.

अंडं न खाणाऱ्यांसाठी: बलक काढून टाका, कॉर्नफ्लोअर ५५ ग्रॅम करा, बटर ४० ग्रॅम, आणि थोड्या गार दुधात कॉर्नफ्लोअर कालवून उकळत्या दुधात घाला, दोन मिनिटं शिजवा. किंवा कॉर्नफ्लोअरऐवजी सरळ ६० ग्रॅम कस्टर्ड पावडर, ती म्हणजे कॉर्नफ्लोअर, रंग आणि व्हॅनिलाच की. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्डने ही पावडर १८३७ साली काढली ती बायकोला अंडं सोसत नव्हतं म्हणून, तेव्हा बिनअंड्याचं कस्टर्ड ही काही कमअस्सल गोष्ट नाही. बलकाचा तो मऊ स्निग्धपणा थोडा कमी येतो इतकंच.

केळी आणि भरणं

केळी ३ ते ४. साल पूर्ण पिवळी, एखाददुसरा तपकिरी ठिपका, देठ हिरवा नसलेला. हिरवट असेल तर तुरट लागतं, फार काळं असेल तर पाणी सुटतं आणि थर घसरतात. बाजारातली लांब केळी, जळगावकडची जी-नाइन, ही कॅव्हेंडिश गटातली आणि अमेरिकेतल्या सुपरमार्केटातली केळीही कॅव्हेंडिशच, त्यामुळे केळ्याच्या बाबतीत आपलं काहीच अडत नाही. मी अर्धी लांब आणि अर्धी वेलची केळी घालते, वेलचीला जरा आंबूस झाक असते आणि सुगंध जास्त, गोड कस्टर्डमधे ते फार छान लागतं. चकत्या ६-७ मिलिमीटरच्या, आणि कस्टर्ड तयार झाल्यावरच कापायच्या.

क्रस्टमधे आधी कस्टर्डचा पातळ थर, त्यावर चकत्या एकमेकींना चिकटून, मग कस्टर्ड, परत चकत्या, आणि सगळ्यात वर उरलेलं सगळं कस्टर्ड. वरच्या थरातून एकही चकती डोकावता कामा नये. केळं काळं पडतं ते हवेतल्या ऑक्सिजनमुळे, कस्टर्डखाली नीट झाकलं की हवा लागत नाही, म्हणून लिंबू पिळायची गरज नाही आणि पिळूही नका, चव बिघडते. परत क्लिंग फिल्म पृष्ठभागाला टेकवून लावा आणि फ्रीजमधे रात्रभर.

वरचं क्रीम

हे खायच्या दिवशीच. व्हिपिंग क्रीम २५० मिली, पिठीसाखर २ मोठे चमचे, थोडं व्हॅनिला, गार भांडं. टेट्रापॅकमधलं २५ टक्के फॅटचं फ्रेश क्रीम फुगत नाही, त्यावर वेळ घालवू नका, ३० टक्क्यांच्या वरचं डेअरी व्हिपिंग क्रीम घ्या. केकवाले वापरतात ते वनस्पती तुपाचं नॉन-डेअरी क्रीम उन्हाळ्यात जास्त टिकतं पण आधीच गोड असतं, त्यात साखर घालू नका, आणि खरं सांगायचं तर जिभेवर त्याचा तेलकट थर राहतो. बीटर उचलल्यावर टोक उभं राहून किंचित वाकलं की थांबा, पुढे गेलात तर लोणी निघेल.

क्रीम चमच्याने ओबडधोबड पसरा, डिझाइन काढत बसायची गरज नाही. वर चॉकलेटचा कीस किंवा भाजलेले बदामाचे काप. न्यू ऑर्लिन्सच्या एमरिल्स रेस्टॉरंटचा बनाना क्रीम पाय प्रसिद्ध आहे, तिथे कॅरॅमल सॉस आणि चॉकलेटचे काप घालतात, तसं करायचं असेल तर कस्टर्डमधली साखर १०० ग्रॅमवर आणा नाहीतर गोडमिट्ट होईल.

कापताना लांब सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून, प्रत्येक तुकड्याला परत पुसून. पहिला तुकडा नेहमी जरा मोडतो, तो घरातल्या लहानाला द्या. फ्रीजमधून काढल्यावर तासाभरात संपवा, उन्हाळ्यात तर त्याहून जास्त बाहेर ठेवूच नका, दूध-अंड्याचा पदार्थ आहे. उरलेला झाकून फ्रीजमधे २ दिवस राहतो, त्यानंतर केळं पाणी सोडतं. फ्रीझरमधे टाकायचा विचार करू नका, कॉर्नफ्लोअरचं कस्टर्ड गोठून सुटलं की पाणी आणि चोथा वेगळं होतं. आणि उरलेल्या ४ अंड्यांच्या पांढऱ्याचं दुसऱ्या दिवशी सकाळी ऑम्लेट करून टाका, कांदा-मिरची जरा जास्त घालून.