पित्ताचं औषध घ्या, पण बाकीच्या गोळ्यांपासून लांब

रात्रीचं जागरण, सकाळी उपाशीपोटी दोन कप चहा, दुपारी तळलेलं काहीतरी. मग आंबट ढेकर सुरू होतात, छातीत जळजळते आणि फ्रीजवरच्या डब्यातली गुलाबी बाटली सरळ तोंडाला लागते. हा अंदाजाचा घोट टाळा.

आधी बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. बहुतेक अँटासिड (म्हणजे पोटातलं आम्ल शमवणाऱ्या) जेलमध्ये मॅग्नेशियम आणि ॲल्युमिनियमचे हायड्रॉक्साइड असतात. पहिल्याने शौचाला पातळ होतं, दुसऱ्याने मलावरोध होतो, म्हणून दोन्ही एकत्र घालतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हे दोन्ही शरीरात साठतात. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. पाण्यात फसफसणाऱ्या पावडरीत मुख्यतः खायचा सोडा असतो, म्हणजे भरपूर सोडियम. बीपी किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी, तसंच गरोदर बायकांनी ती मनाने घेऊ नये.

आता बाटली नीट हलवा. औषध तळाशी बसतं आणि न हलवता ओतलं तर वरचं पातळ पाणीच मापात येतं. झाकणाच्या मापाने, लेबलवर लिहिलं असेल तेवढंच घ्या. चघळायची गोळी असेल तर पूर्ण चावून खा, गिळू नका.

वेळ जेवणानंतर साधारण तासाभराची किंवा झोपण्यापूर्वीची. उपाशीपोटी घेतलं तर औषध लवकर पुढे सरकतं आणि तासाभरात जळजळ परत येते. जेवणानंतर घेतलं तर आराम दोन-तीन तास टिकतो.

सगळ्यात जास्त चुका होतात त्या दुसऱ्या औषधांच्या बाबतीत. माझ्या आईची थायरॉइडची गोळी सकाळी सहाला ठरलेली. जळजळतंय म्हणून अर्ध्या तासाने ती दोन चमचे जेलही घ्यायची. रक्ततपासणीतला टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारा आकडा) काही केल्या खाली येईना, गोळीचा डोस वाढला. जेलबद्दल कुणी विचारलं नाही आणि तिलाही ते ‘औषध’ वाटत नव्हतं, म्हणून तिने सांगितलं नाही. अँटासिड पोटात असलं की थायरॉइडची गोळी नीट शोषली जात नाही, त्यामुळे दोन्हींत 4 तासांचं अंतर लागतं. लोहाच्या गोळ्या आणि डॉक्सिसायक्लिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारखी अँटिबायोटिक्स यांचंही तसंच होतं. त्यांचं अंतर डॉक्टरांना किंवा औषधाच्या दुकानातल्या फार्मासिस्टला विचारून वहीत लिहून ठेवा. डॉक्टरांकडे जाताना पित्ताची बाटलीही सोबत न्या.

पॅन्टोप्राझोल, ओमेप्राझोल ही वेगळी औषधं. ती आम्ल तयार होणंच कमी करतात आणि नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असतात. लगेच आराम पडत नाही म्हणून दुसरी गोळी घेऊ नका, आणि चिठ्ठीशिवाय महिनोन्महिने चालूही ठेवू नका.

अंगदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन चालू असेल तर पित्ताचं मूळ तिथेही असू शकतं. ते डॉक्टरांना आवर्जून सांगा.

दोन आठवडे रोज अँटासिड लागत असेल तर तपासून घ्या. शौच डांबरासारखं काळं होत असेल, उलटीत रक्त दिसत असेल, घास अडकत असेल किंवा वजन उतरत असेल तर दोन आठवडेही थांबू नका.

आणि छातीत दाबल्यासारखं दुखत असेल, कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटला असेल, तर ‘गॅस झालाय’ म्हणत बाटली शोधत बसू नका. 108 ला फोन करा.