उर्तो की रोबो? स्पेनमध्ये तक्रार देण्याआधी

स्पॅनिशमध्ये बोलताना कुठलीही चोरी 'रोबो'च असते. पाकीट गेलं तरी लोक 'मे आन रोबादो' (माझी चोरी झाली) म्हणतात. स्पेनच्या कायद्यात मात्र तसं नाही. पोलिसांकडे 'देनुन्सिया' म्हणजे तक्रार देताना स्वतःला एवढंच विचारा: काही फोडलं का? मारहाण किंवा धमकी झाली का?

१. दोन्ही 'नाही', तर बहुतेकदा 'उर्तो'. मेट्रोत खिशातून मोबाइल अलगद गेला, तो हाच. (लिहिताना आधी एच असतो, पण त्याचा उच्चार होत नाही.)

२. एक जरी 'हो', तर 'रोबो'. गाडीची काच फोडून बॅग नेली तरी रोबोच, जवळपास माणूस नसला तरी.

३. चाकू दाखवून लुटलं तर बोलीत 'आत्राको'. कायद्यात तोही रोबोच.

आपल्याकडच्या पोलिसी भाषेत उर्तो म्हणजे साधी चोरी. घरफोडी आणि जबरी चोरी दोन्ही रोबोत.

एक सांभाळा: बऱ्याच प्रवास विम्यांत रोबोची भरपाई मिळते, उर्तोची मिळत नाही. म्हणून खांद्यावरची पर्स हिसकताना तुम्ही पडला असाल, तर ते तक्रारीत लिहून घ्या. न घडलेलं मात्र घालू नका, खोटी तक्रार हा तिथे गुन्हा आहे.