लेखातला कोड वाचकाच्या मशीनवरही चालावा म्हणून: प्रकाशनापूर्वीची तयारी

कोड कोणत्या आवृत्त्यांवर चालायला हवा, हे लेख लिहायला घेण्याआधीच ठरवा. नुसतं 'पायथन ३' म्हणून भागत नाही. पायथनची नवी आवृत्ती दर ऑक्टोबरला येते आणि तिला साधारण पाच वर्षं सुरक्षा-दुरुस्त्या मिळतात. त्या हिशेबानं सर्वांत जुनी आणि सर्वांत नवी आवृत्ती निवडा आणि दोन्ही आकडे लेखाच्या सुरुवातीलाच छापा.

प्रत्येक उदाहरण वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि लेखातला तुकडा त्या फाइलमधूनच आपोआप येऊ द्या. हातानं चिकटवलेला कोड दोन दुरुस्त्यांनंतर मूळ फाइलशी जुळत नाही. इंपोर्टच्या ओळी, म्हणजे बाहेरची मॉड्यूल्स कोडमध्ये आणणाऱ्या ओळी, गाळू नका.

चाचणी नेहमी कोऱ्या व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये (मशीनवरच्या बाकी पॅकेजेसपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत) घ्या, आणि दोन्ही टोकांच्या आवृत्त्यांवर घ्या. हे टाळलं की काय होतं पाहा: डिस्टयुटिल्स हे पॅकेजेस बांधण्याचं मॉड्यूल पायथन ३.१२मधून काढून टाकलंय, पण सेटअपटूल्स हे त्याच कामाचं वेगळं पॅकेज असलेल्या मशीनवर त्याची पर्यायी प्रत मिळते आणि इंपोर्ट बिनबोभाट चालतं. ३.१२पासून नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये सेटअपटूल्स आपोआप येत नाही. त्यामुळे लेखकाकडे चालणारं उदाहरण वाचकाकडे पहिल्याच ओळीला अडतं.

एरर येणं त्यातल्या त्यात बरं. पांडाज या डेटा हाताळायच्या पॅकेजच्या २.०मध्ये डेटाफ्रेमची (तक्त्याची) 'अपेंड' पद्धत गेली. जुना कोड तिथे लगेच थांबतो आणि काय बिघडलं ते कळतं. खरा धोका आहे तो न थांबता वेगळं उत्तर देणाऱ्या कोडचा. नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजमधल्या फ्लोट३२ (३२ बिटांची दशांश संख्या) प्रकारच्या एका संख्येत साधा ३.० मिळवला, तर नमपाय २.०च्या आधी उत्तर ६४ बिटांचं, म्हणजे फ्लोट६४ येई. आता फ्लोट३२च येतं, म्हणजे अचूकता कमी. शेलमध्ये (पायथनला थेट आज्ञा द्यायच्या खिडकीत) नमपायची संख्या पूर्वी नुसती २.५ अशी दिसायची, तिथे आता संख्येभोवती प्रकाराचं नावही दिसतं. म्हणून कोड चालला एवढ्यावर समाधान मानू नका, लेखात छापलेलं आउटपुटही तपासा. पायथनमध्ये डॉकटेस्ट हे सोबत येणारं साधन हेच करतं. रस्ट या भाषेत 'कार्गो टेस्ट' ही आज्ञा दस्तऐवजातली उदाहरणं चालवून बघते, पण तिथे अपेक्षित उत्तर असर्टनं (उत्तर जुळतं का ते तपासणाऱ्या ओळीनं) स्वतः लिहावं लागतं.

इशारे दडवू नका. चाचणीत इशाऱ्यांनाच एरर माना, म्हणजे पुढच्या आवृत्तीत काय जाणार आहे ते आधीच समजेल. पायथन एरवी इंपोर्ट केलेल्या मॉड्यूलमधले डेप्रिकेशनचे (पुढे काढून टाकल्या जाणाऱ्या गोष्टींचे) इशारे दाखवतच नाही, त्यामुळे हा पर्याय मुद्दाम चालू करावा लागतो.

पॅकेजेसच्या नेमक्या आवृत्त्या, त्यांच्यामागून येणाऱ्या पॅकेजेससकट, फाइलमध्ये नोंदवा आणि ती फाइल वाचकालाही द्या. पण एवढ्यावर थांबलात तर नव्या आवृत्तीतला बिघाड तुम्हाला कधीच दिसणार नाही. म्हणून सीआयमध्ये (चाचण्या आपोआप चालवणाऱ्या यंत्रणेत) दोन कामं लावा: एक नोंदवलेल्या आवृत्त्यांवर, दुसरं दर आठवड्याला मिळेल त्या ताज्या आवृत्त्यांवर. दुसरं फसलं की लेख दुरुस्तीला घ्या.

दोन आवृत्त्यांसाठी वेगळा कोड लागत असेल, तर ती टीप त्या तुकड्याच्या लगेच वर लिहा. लोक कोड उचलतात आणि निघून जातात. लेखाच्या तळाशी लिहिलेली टीप त्यांच्या नजरेस पडत नाही.