डायव्हिंगला जायचंय? आधी संघटना काय करते ते बघा

कोल्हापूरच्या उद्यमनगरात वेल्डिंग शिकलेली, राजाराम बंधाऱ्यावर पोहून तयार झालेली, पाण्याखालच्या कामाला जाऊ बघणारी पोरं विचारतात, "दादा, आयएमसीएचं डायव्हिंग सर्टिफिकेट कुठं मिळतंय?" कुठंच मिळत नाही.

आयएमसीए म्हणजे इंटरनॅशनल मरीन कॉन्ट्रॅक्टर्स असोसिएशन. ही समुद्रातली कामं घेणाऱ्या ठेकेदार कंपन्यांची संघटना. 1995 मध्ये दोन संघटना एकत्र येऊन ती झाली. त्यातली डायव्हिंग ठेकेदारांची 1972 पासूनची. आयएमसीए शाळा चालवत नाही. कुठल्या देशाचं कुठलं सर्टिफिकेट चालेल, याची यादी ती काढते. सुपरवायझर आणि लाइफ सपोर्ट टेक्निशियन (चेंबरमधल्या डायव्हरांची हवा-दाब सांभाळणारा) यांच्या परीक्षा मात्र तीच घेते, पण तो टप्पा तुमच्यासाठी लांबचा. त्यामुळं फी भरण्याआधी शाळा जे सर्टिफिकेट देणार, त्याचं नेमकं नाव यादीत शोधा. "आयएमसीएचा डायव्हर करतो" म्हणणाऱ्या एजंटाचा चहा प्यावा आणि घरी यावं.

संघटनेचं खरं काम नियमांचं. ऑफशोअर डायव्हिंगचा त्यांचा मुख्य दस्तऐवज डी 014. वरून हवा पुरवून करायच्या डाइव्हला किमान पाच माणसं लागतात: सुपरवायझर, पाण्यातला डायव्हर, तयार बसलेला स्टँडबाय आणि दोघांचे होज म्हणजे हवेच्या नळ्या सांभाळणारे दोन मदतनीस, त्यांना टेंडर म्हणतात. स्कुबा, म्हणजे पाठीवरच्या सिलिंडरवरचं डायव्हिंग, चालत नाही. हवेवर 50 मीटरच्या खाली जायचं नाही. मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रात पाणी सुमारे 75 मीटर, म्हणजे तळाचं काम सॅच्युरेशनवाल्यांचं, दिवसचे दिवस दाबाच्या चेंबरमध्ये राहून खोल उतरणाऱ्यांचं. साइटवर डीकॉम्प्रेशन चेंबर, म्हणजे वर आलेल्या डायव्हरवरचा दाब हळूहळू उतरवायची टाकी, हवाच.

हे कागदावर रुक्ष वाटतं. पण जहाज थ्रस्टरवर, म्हणजे पाण्याखालच्या पंख्यांवर, एका जागी उभं असताना डेकवर बघा. अंबिलिकलवर, म्हणजे डायव्हरच्या त्या होजवर, ठरावीक अंतरावर रंगीत टेप मारलेली असते. जवळच्या थ्रस्टरपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या निदान 5 मीटर आधीच होज बांधून टाकायचा. मग डायव्हर वाट चुकला, ओढीत सापडला, तरी पंख्यापर्यंत पोचूच शकत नाही. टेंडर म्हणून पहिले महिने ही टेप मोजण्यातच जातील. त्याचा कंटाळा येणाऱ्यानं या धंद्यात येऊ नये, असं माझं स्पष्ट मत.

बंधाऱ्यावर पोहणाऱ्यांना एक गोष्ट लवकर कळते. बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की एका अंगाला पाणी चढतं, आणि बरग्यांच्या फटीजवळ पाय नेला की ओढ लागते. डायव्हिंगमध्ये यालाच डेल्टा पी, म्हणजे दोन अंगांच्या दाबातला फरक, म्हणतात. धरणाचं गेट, जहाजाचा सी चेस्ट (समुद्राचं पाणी आत घ्यायची खोबण), रिकामी पाइपलाइन, सगळीकडं तोच खेळ, आणि तिथं अडकलेला माणूस हातानं ओढून सुटत नाही. संघटना अशा अपघातांची माहिती कंपनीचं नाव न घेता सेफ्टी फ्लॅश म्हणून सगळ्यांना पाठवते. इंग्रजी जमेल तसं वाचा. कोर्सच्या पुस्तकापेक्षा मला या फ्लॅशनी जास्त शिकवलं.

आता दुसरी बाजू. ही मालकांची संघटना आहे, युनियन नव्हे. एका कंपनीनं माझा पगार थकवला, तेव्हा मी काय करायचं हे तिच्या कुठल्याच दस्तऐवजात नव्हतं, आणि ते असणारही नाही. पगार, रजा, परतीचं तिकीट हे सगळं करारात लिहून घ्यायचं. शिवाय संघटनेचे नियम म्हणजे सरकारी कायदा नव्हे. बडा ग्राहक कामाच्या निविदेत ते घालतो, म्हणून ठेकेदाराला पाळावे लागतात. बंदरातल्या, धरणावरच्या छोट्या कामांवर ग्राहकच विचारत नाही आणि तिथं तीन माणसांत काम उरकायची घाई असते. "स्टँडबाय कोण?" हा प्रश्न तिथं नव्या पोरानंसुद्धा विचारायचा. उत्तर मिळालं नाही तर पाण्यात उतरायचं नाही.

लॉगबुक पहिल्या डाइव्हपासून ठेवा. खोली, वेळ, काम, सुपरवायझरची सही. सही जहाज सोडायच्या आधीच घ्या, नंतर तो माणूस कुठल्या देशात असेल सांगता येत नाही. आणि मेडिकल सर्टिफिकेटची मुदत कधी संपते, ते पहिल्याच पानावर लिहून ठेवा.